तापलेला संगणक आणि न जुळलेली तेरीज

यंदा दिवाळीच्या सुटीत माझ्या नातवाने स्वतःच्या हाताने संगणक जोडला. सणावारी हाती पडलेले पैसे त्याने दोन वर्षे साठवले होते. कमी पडले तेवढे मी घातले. सुटे भाग नाशिकहून आणले आणि घोटीतील आमच्या जुन्या घराच्या माडीवर तीन दिवस आजा-नातवाचा कारखाना चालला. यंत्र सुरू झाले. धाकट्या भावाचा भाताचा व्यापार आहे. दुकानातील जुना संगणक थकला होता, म्हणून त्यानेही कौतुकाने आपले हिशेब या नव्या यंत्रावर आणले.

१८ नोव्हेंबरला सायंकाळी हे यंत्र अचानक बंद पडले. पुन्हा लावले, दहा मिनिटांत पुन्हा बंद. ऑक्टोबरचे जीएसटी विवरण २० तारखेपर्यंत भरायचे होते. प्रोसेसरचे तापमान पाहिले तर आकडा १०० अंशांला टेकलेला. बाहेर घोटीची थंडी, अंगावर शाल आणि यंत्र मात्र तापलेले! भाऊ म्हणाला, “पोराच्या हौसेवर दुकानाचे हिशेब ठेवायला नको होते.” नातू काहीच बोलला नाही. त्याचा उतरलेला चेहरा पाहून मला राग आला आणि तो मी ज्याच्यावर काढू नये त्याच्यावर काढला. नाशिकच्या दुकानदाराला फोन करून माल सदोष दिल्याचे सुनावले, पैसे परत मागितले. त्याने शांतपणे एकच विचारले, “कूलर चारही बाजूंनी नीट बसला आहे का?” मला ती टाळाटाळ वाटली. मी फोन ठेवून दिला.

रात्री झोप लागेना. बँकेतील जुने दिवस आठवले. संगणक प्रथम आले तेव्हा त्यांच्यासाठी वातानुकूलित खोली असे. आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत आणि ग्राहक मात्र करकरणाऱ्या पंख्याखाली घाम पुसत उभा असे. पण त्याहूनही आठवली ती तेरीज. ती जुळली नाही की आमचे वरिष्ठ प्रथम वह्या उघडू देत नसत. “आधी फरकाकडे पाहा,” म्हणत. फरकाला नऊने पूर्ण भाग गेला तर आकड्यांची अदलाबदल झाल्याचा संशय घ्यायचा. १,८५० च्या जागी १,५८० लिहिले तर २७० चा फरक येतो. नोंद चुकून नावेऐवजी जमेला पडली असेल, तर फरक त्या रकमेच्या दुप्पट येतो. चूक कोठे दडली आहे, हे फरकच पुष्कळदा सांगतो.

सकाळी नातवाला म्हटले, “आता आपण तापमानाचा फरक पाहू.” प्रथम हिशेबाची फाईल पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली, यंत्र असे मध्येच बंद पडत राहिले तर फाईल बिघडण्याचे भय असते. यंत्र थंड होऊ दिले, मग सुरू करून बायोसमधील आकडा पाहत बसलो. मिनिटभरातच तो नव्वदीपुढे गेला. कॅबिनेटची बाजू उघडी ठेवून पाहिले, तरी तेच. नातू एकदम म्हणाला, “दादाजी, हवा कोंडली असती तर आकडा हळूहळू चढला असता, आणि बाजू उघडल्यावर उतरला असता. इतक्या झटपट चढतोय, म्हणजे उष्णता कूलरपर्यंत पोहोचतच नाही.” एम.कॉम. झालेल्या माणसाला याहून स्वच्छ तर्क कोण शिकवणार?

वायर काढून कूलर उतरवला. त्याला चार पाय असतात. प्रत्येकाची टोपी योग्य दिशेला वळवून, समोरासमोरच्या कोपऱ्यांनी एकेक जोडी ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबायची असते. आमच्या एका पायाची टोपी सोडवण्याच्या दिशेला वळलेली राहिली होती. प्रोसेसरवरील थर्मल पेस्ट अर्ध्या भागात दबून पसरलेली, उरलेल्या अर्ध्यात तशीच गोळा होऊन बसलेली. दोन धातूंच्या पृष्ठभागांतील बारीक फटी भरून काढणे एवढेच या पेस्टचे काम. तेथे हवा राहिली तर उष्णता पुढे सरकत नाही. आणि तो चौथा पाय कोणी दाबला होता? मीच. नातवाच्या हातात टॉर्च होता आणि मी मोठ्या ऐटीत म्हणालो होतो, “बसला!”

जुनी पेस्ट कापडाने व स्पिरिटने पुसली, वाटाण्याएवढी नवी ठेवली, चारही पाय नीट बसवले. आकडा ४२ वर स्थिरावला. भावाने दुपारीच विवरण भरले.

तरी तेरीज पूर्ण जुळली नव्हती. संगणकावर अर्धा तास जड काम चालवले की आकडा सावकाश ऐंशीपार जाई. आता हा दुसऱ्या जातीचा फरक होता आणि तो नातवाने लगेच ओळखला. मी धूळ लागू नये म्हणून कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवायला लावले होते. हेतू चुकीचा नव्हता. भाताचा हंगाम सुरू झाला की गावातील गिरण्यांचा कोंडा आणि तुसाची बारीक धूळ माडीपर्यंत येते. पुढची जाळी पंधरा दिवसांतच राखाडी झाली होती. पण धुळीला दार लावताना मी हवेलाही लावले होते. कॅबिनेट बाहेर काढून टेबलावर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवले, जाळी पुसली. तेच जड काम करताना आकडा आता ६८ च्या पुढे जात नाही. जाळी पुसण्याचे काम नातवाने दर रविवारी माझ्याकडे सोपवले आहे.

भावाने त्या संध्याकाळी नातवाला जवळ बसवून दुकानाची सगळी खाती उघडून दाखवली. मला मात्र एक फोन करायचा होता. नाशिकच्या त्या दुकानदाराला सगळे सांगितले, चौथ्या पायाची गोष्टही, आणि क्षमा मागितली. तो क्षणभर थांबला, मग हसला. म्हणाला, “काका, एक सोडून बाकी सगळे पाय तुमच्या नातवानेच बसवले होते ना?” मी हो म्हटले. फोन ठेवण्याआधी त्याने विचारले, घोटीत नवा इंद्रायणी आला का. दुसऱ्याच दिवशी नाशिकला निघालेल्या गाडीत त्याच्यासाठी पाच किलोची पिशवी ठेवली.