एक इंच उचल, एक इंच भर

थकलेल्या पगाराच्या बदल्यात मालकाने अब्बांना लेथ मशीन दिलं. रबाळ्याच्या एमआयडीसीतल्या एका गाळ्यात अब्बांनी 27 वर्षं टर्नर म्हणून काढली होती. शेवटच्या दीड वर्षाचा पगार अर्धामुर्धाच मिळाला, ग्रॅच्युइटीचं नाव कुणी काढलं नाही, आणि गाळा विकला गेला तेव्हा मालक म्हणाला, "पैसे नाहीत, मशीन घेऊन जा." 2019 चा जानेवारी होता. गाळा महिनाअखेर रिकामा करायचा होता. मशीन बटाल्याचं, साडेचार फुटी बेडचं, वजन सहाशे किलोच्या आसपास. म्हणजे अब्बांची उरलीसुरली कमाई आता बिडाच्या लोखंडात होती आणि ती कोपरखैरण्याच्या आमच्या बैठ्या रो-हाउसमध्ये आणायची होती. त्या घराचे हप्ते माझ्या शाळेच्या पगारातून जातात.

मी घाबरले. घरात मशीन? फरशी फुटेल, शेजारी तक्रार करतील, विजेचं काय? अम्मी मात्र हसली. ती मालेगावची. तिच्या माहेरी तळमजल्यावर आठ साचे होते आणि वरच्या माळ्यावर माणसं. (पॉवरलूमला मालेगावात साचाच म्हणतात.) "हमारे यहाँ आठ थे, ये तो एक है," ती म्हणाली. ती सांगते, लहानपणी साच्यांच्या खडखडाटात गाढ झोप लागायची आणि जुम्याच्या सुट्टीला साचे बंद झाले की जाग यायची. मालेगाव काय, भिवंडी काय, इचलकरंजी काय, घराला लागूनच कारखाना ही आपल्याकडची जुनी रीत आहे. ते जड साचे गल्लीबोळांतून घरात कसे गेले असतील, हा प्रश्न मला चाळीस वर्षांत कधी पडला नव्हता.

सामान हलवणाऱ्या दोन कंपन्यांना फोन केले. एकाने "फ्रिजसारखंच ना?" असं विचारलं, दुसऱ्याने वजन ऐकून फोन ठेवला. अब्बांचा बेत होता, "मी आणि दोन पोरं, पाइपावर घेऊ." ते तेव्हा 61 वर्षांचे. शेवटी त्यांनीच कुणाकडून तरी एका मुकादमाचा नंबर आणला. कळंबोलीच्या लोखंड बाजारात उभा जन्म घालवलेला माणूस, पाटण तालुक्यातला. अब्बाही पाटणचेच. अर्ध्या मिनिटात दोघांचं गाव, घाट आणि एसटीचा थांबा जुळला, आणि मजुरीची घासाघीस करायला मला जागा उरली नाही.

मुकादम आधी जागा बघायला आला. मी आतली खोली दाखवत होते, तो मात्र फाटकापाशीच थांबला होता. हातातल्या पहारेने अंगणात ठक ठक करत पुढे आला. एका जागी आवाज बदलला.

"बाई, खाली टाकी आहे?"

होती. पाण्याची टाकी. रोज सकाळी मीच तिचं झाकण उचलून पाणी बघते, पण तिच्यावरून सहाशे किलो जाणार आहेत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. "माणसं चालतात त्या स्लॅबवर मशीन चालत नाही," तो म्हणाला. मग उपायही त्यानेच सांगितला. टाकीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत लोखंडाचे दोन सी-चॅनल टाकायचे, म्हणजे भार भिंतींवर जाईल, मधल्या स्लॅबला शिवणार नाही.

आतल्या खोलीची फरशी फोडून अब्बांनी नऊ इंच जाडीचं काँक्रीट ओतून घेतलं. फाउंडेशन बोल्टसाठी त्यात चार चौकोनी खड्डे मोकळे ठेवले आणि रोज ओलं गोणपाट टाकून दोन आठवडे पाणी मारलं. शेजारच्या दोन्ही घरांना मी जाऊन सांगितलं: रात्री मशीन चालणार नाही, दुपारी दोन ते चार चालणार नाही. थ्री फेजचा विचार सोडून एक हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटर बसवायची ठरली. विजेच्या जोडणीचा प्रकार बदलून घेणं हे वेगळं पुराण आहे, ते इथे नको.

शेवटच्या रविवारी रबाळ्यात हायड्रा क्रेनने मशीन उचललं आणि छोट्या हत्तीत ठेवलं. जेमतेम चार मिनिटं लागली. उचलण्याआधी अब्बांनी चक काढलं, टेलस्टॉक काढला, कॅरेजची हँडलं काढली आणि कॅरेज उजव्या टोकाकडे सरकवली. लेथचा सगळा भार डावीकडे, हेडस्टॉकमध्ये असतो. पट्टा बेडच्या मधोमध बांधला तर मशीन डाव्या अंगाने कलंडतं. त्यांनी पट्टा हेडस्टॉकच्या जवळ घेतला आणि लीडस्क्रूवर दाब येऊ नये म्हणून मध्ये लाकडाचे तुकडे घातले. क्रेनवाल्याला बोटाने इशारा केला. जमिनीपासून दोन बोटं उचललं, थांबवलं, बघितलं. सरळ. मगच वर.

भार कुठल्या बिंदूवर तोलला जातो यावर मर्व शहरातल्या अल-खाज़िनीने 1121 साली 'मीज़ान अल-हिकमा' हा मोठा ग्रंथ लिहिला. तो मूळचा गुलाम होता. मीज़ान म्हणजे तराजू, आणि आपण मराठीत रोज वापरतो तो 'वजन' शब्द त्याच अरबी धातूतला. अब्बांनी हे नाव ऐकलेलं नाही. मी ते नंतर सांगितलं तेव्हा म्हणाले, "बरोबरच लिहिलं असेल."

आमच्या गल्लीत हायड्रा येत नाही. वर केबलच्या तारा, खाली दोन्ही बाजूंना मोटरसायकली. चार मिनिटांच्या त्या कामाला इथे साडेचार तास लागले.

मुकादमासोबत चारच माणसं होती. मला वाटलं होतं, दहा तरी येतील आणि हैय्या करून उचलतील. त्यांनी मशीन उचललं असं कधी झालंच नाही. टेम्पोच्या पाठीवरून जमिनीपर्यंत दोन चॅनल उतरते लावले. जाड लाकडी पाटावर बोल्टने कसलेलं मशीन त्यावरून खाली येणार. मागे चेन पुली टेम्पोच्या सांगाड्याला अडकवलेली. ओढायचं काम कुणाकडेच नव्हतं. होतं ते फक्त अडवून धरण्याचं, कडी कडी सोडण्याचं. जमिनीवर आल्यावर पाटाखाली दीड इंची पाइप. मागचा पाइप मोकळा झाला की उचलून पुढे ठेवायचा. वळण घ्यायचं तर पाइपाला हातोडीने टिचकी मारून तिरका करायचा. पाइपाला हात लावायचा नाही, काठीनेच सरकवायचा. आणि अख्ख्या कामात शब्द एकच, तोही फक्त मुकादमाच्या तोंडून: "थांब." बाकीचे गप्प. बोलणारे दोन झाले की बोटं जातात, असं तो म्हणाला. त्याच्या डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाचं पेर नव्हतं. मी विचारलं नाही.

मुकादम हा शब्दही अरबीच, कदम ज्या धातूतला त्याच धातूतला; पुढे असणारा तो. हा माणूस मात्र सगळा वेळ मागे उभा होता, जिथून चारही कोपरे दिसतात तिथे.

टाकीवरून मशीन पार झालं. घोटाळा उंबरठ्यापाशी झाला.

उंबरठा चार इंचांचा. मशीन तेवढं वर घ्यायचं म्हणजे एका टोकाला पहार लावून इंचभर उचलायचं, लगेच खाली इंचभर फळी सरकवायची, मग दुसरं टोक. "एक इंच उचल, एक इंच भर." तिसऱ्या फेरीला पहारेखालचा ठोकळा सरकला आणि हेडस्टॉकचं टोक खाली आलं. अब्बा शेजारीच उभे होते. त्यांचा हात पुढे गेला. सत्तावीस वर्षं जपलेलं मशीन पडताना दिसलं की हात विचारून जात नाही. मुकादमाने त्यांची कॉलर धरून इतक्या जोरात मागे ओढलं की ते भिंतीवर आदळले.

मशीन फळ्यांवर बसलं. पडायला फक्त एक इंच जागा होती, तेवढंच ते पडलं.

"चाचा, लोखंडाला वेल्डिंग होतं. पंजाला होतं का?" मुकादम ओरडला.

अब्बा थरथरत होते, तरी म्हणाले, "बीड आहे ते. बिडाला वेल्डिंग नीट धरत नाही."

क्षणभर कुणी बोललं नाही, मग चौघेही हसायला लागले. मी आत जाऊन पाणी आणलं. माझे हात अब्बांच्या हातांपेक्षा जास्त कापत होते.

चहाच्या वेळी मुकादम म्हणाला, "बाई, माझी धाकटी तुमच्याच शाळेत होती. मराठी तुम्हीच शिकवलं." त्याने नाव सांगितलं, मला चेहरा आठवला. आणि अजून एक गोष्ट आठवली. मी वर्गात एक वाक्य म्हणायचे, बहुतेक शिक्षक म्हणतात तेच: "अभ्यास केला नाहीत तर हमाली करावी लागेल." आमच्या शाळेत निम्मी मुलं माथाडींची. कोपरखैरणे-घणसोलीत माथाडींच्या वसाहतीच आहेत. सातारा-सांगलीकडून आलेल्या या माणसांसाठी अण्णासाहेब पाटलांनी लढा दिला, 1969 साली माथाडी कायदा झाला, आणि डोक्यावर ओझं वाहणाऱ्याला पहिल्यांदा भविष्य निर्वाह निधी, रजा, दवाखाना मिळाला. हे मी 1 मेच्या भाषणात सांगायचे. तेच तोंड वर्गात ते वाक्यही म्हणायचं. त्या मुलीच्या वर्गात म्हटलं होतं का? आठवत नाही. म्हटलं असणार.

उर्दू शिकवताना मी धातू सांगते. हमाल, हमल आणि तहम्मुल, तिन्ही एकाच धातूतले. ओझं वाहणारा, पोटातलं ओझं म्हणजे गर्भ, आणि सोसण्याची ताकद, धीर. फळ्यावर हे मी किती वेळा लिहिलं असेल. पहिल्या शब्दातला माणूस तिसऱ्या शब्दातलं काम करतो, हे मला आमच्या उंबरठ्यावर दिसलं. तो मुलीबद्दल सांगत होता, ती नर्सिंगला आहे. मी माफी मागितली नाही. कसली मागतेय हे आधी त्याला सांगावं लागलं असतं, आणि तेवढी हिंमत झाली नाही. ते वाक्य मात्र त्यानंतर वर्गात आलेलं नाही.

अब्बांचं खरं काम पुढे सुरू झालं. मशीन नुसतं ठेवून चालत नाही. बेडला पीळ राहिला तर रॉड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक निघतो. अब्बांनी बेडवर पाणसळ ठेवली, आधी लांबीत, मग आडवी, दोन्ही टोकांना. पायाखाली पत्र्याच्या पातळ पट्ट्या घालत, काढत, चार दिवस गेले. बुडबुडा मध्यावर थांबला तेव्हा बोल्टच्या खड्ड्यांत सिमेंट भरलं, आठवडाभर हात लावला नाही, मग बोल्ट कसून पुन्हा पाणसळ लावली. पहिला रॉड कातून दोन्ही टोकांना मायक्रोमीटर लावला. फरक मिलिमीटरच्या दोन-शतांश. अब्बा नाराज. अजून एक पट्टी काढली, दुसरी घातली.

पंपांचे शाफ्ट, बुश, शिलाई मशीनचे सुटे भाग अशी कामं येतात. थकलेला पगार त्यातून वसूल झाला का, याचा हिशेब अब्बा करत नाहीत. मी केला आहे, नाही झाला.

नवी मुंबईचा हा भाग भरावाचा. पाऊस संपला की जमीन थोडी बसते. म्हणून दर ऑक्टोबरात अब्बा पाणसळ काढतात आणि फडक्याने पुसून बेडवर ठेवतात. गेल्या वर्षी उजव्या पायाखाली एक पट्टी वाढवावी लागली. नट सैल करायला त्यांनी मला बोलावलं. मी पाना लावला आणि दुसऱ्या हाताने आधाराला पायाची कड धरली, तर म्हणाले, "हात काढ आधी."