स्वस्तातला का होईना, पेन आपल्या हातात हवा

जयंती जवळ आली की वस्तीवस्तीत बॅनरची घाई सुरू होते. इंटरनेटवरून बाबासाहेबांचा तोच तो फोटो उतरवायचा, मागे निळा रंग टाकायचा आणि खाली कार्यकर्त्यांचे चेहरे चिकटवायचे. आम्ही चित्रं काढणाऱ्या मुलामुलींनी ठरवलं, आपली चित्रं आपणच काढायची. मग प्रश्न आला ड्रॉइंग टॅबलेटचा.

पहिला सल्ला मिळाला, ‘घ्यायचा तर स्क्रीनवालाच घ्या.’ हा सल्ला आम्हाला मान्य नाही. त्याची किंमत कितीतरी पट. परवडेपर्यंत थांबायचं म्हटलं तर आपण थांबतच राहू. बिनस्क्रीनचा छोटा टॅबलेट दोन ते पाच हजारांत मिळतो. हात खाली आणि नजर समोर, ही सवय सरावाने होते.

घेताना मोठ्या आकड्यांना भुलू नका. वॅकॉमच्या सीटीएल-४७२ वर दाबाच्या २०४८ पातळ्या आहेत, ह्युऑन आणि एक्सपी-पेनच्या अनेक मॉडेलवर ८१९२. शिकणाऱ्या हाताला हा फरक जाणवत नाही. त्यापेक्षा चार गोष्टी पाहा. पेन बिनबॅटरीचा असावा. चित्र काढायची जागा साधारण ६ बाय ४ इंच तरी असावी. जास्तीच्या निब मिळाव्यात. घरात कॉम्प्युटर नसेल तर टॅबलेट अँड्रॉइड मोबाईलला चालतो का, हे आधी विचारा. काही मॉडेलमध्ये मोबाईलला जोडल्यावर थोडीच जागा वापरता येते, तेही तपासा.

सॉफ्टवेअरला पैसे लागत नाहीत. चित्रासाठी क्रिता आणि बॅनरसाठी इंकस्केप, दोन्ही मोफत आहेत. इंकस्केपमध्ये रेषांनी काढलेलं चित्र कितीही मोठं केलं तरी फाटत नाही. चोरीच्या सॉफ्टवेअरची गरजच काय?

कुणी म्हणेल, चळवळीत एवढे प्रश्न असताना हे चित्रांचं काय घेऊन बसलात? १९४९ साली शंकर यांनी काढलेल्या व्यंगचित्रात संविधानाची गोगलगाय आहे, तिच्यावर बाबासाहेब बसले आहेत आणि मागे नेहरू चाबूक घेऊन उभे आहेत. ते अकरावीच्या पुस्तकात छापलं गेलं आणि २०१२ मध्ये संसदेत त्यावर गदारोळ झाला. १९३२ ते १९४८ या काळातली अशी व्यंगचित्रं उन्नमती स्याम सुंदर यांनी शोधून ‘नो लाफिंग मॅटर’ या पुस्तकात मांडली. बाबासाहेब कसे दिसावेत, हे तेव्हा दुसऱ्यांच्या कुंचल्याने ठरवलं. निषेध करायलाच हवा, पण उत्तराचं चित्रही आपल्याकडे हवं. लोकांच्या वृत्तपत्रांत आपल्याला जागा नव्हती, म्हणून बाबासाहेबांनी १९२० साली ‘मूकनायक’ काढला. रेषेलाही हाच न्याय लागू आहे.

म्हणून मंडळांना आमचं सांगणं आहे, डीजेच्या खर्चातून थोडे पैसे बाजूला काढा आणि वस्तीतल्या अभ्यासिकेत एक टॅबलेट ठेवा. पाचसहा जण पाळीपाळीने वापरतील. त्यांतली एक मुलगी जरी रमाईचं, सावित्रीमाईचं किंवा आपल्याच आजीचं चित्र मनापासून काढू लागली, तरी ते पैसे सार्थकी लागले.

जय भीम!