येणंजाणं

आमचं गाव माणदेशातलं. पाऊस वाट चुकला तरच आमच्या शिवारात यायचा. पण पंढरपूर पायी तीन दिवसांवर, त्यामुळं घरटी एक तरी माळकरी. आमच्या घरात आबा. आषाढी आणि कार्तिकी, दोन्ही वाऱ्या त्यांनी कधी चुकवल्या नाहीत. चुकली ती एकच, १९७२ सालची कार्तिकी.

त्या साली विहिरींनी तळ दाखवला. रेशनला लाल मिलो मिळायचा, त्याची भाकरी थापताना आईचे हात भेगाळायचे. गावच्या माळावर दुष्काळी काम निघालं. आबा आणि आई खडी फोडायला जायचे. मी सहावीत होतो. शाळा सुटली की कामावर जायचो, कारण तिथं सुकडी मिळायची.

कार्तिकीच्या तोंडावर आमचा सर्जा बैल गेला. खिलार जात, पांढराशुभ्र, पण शेवटी नुसता हाडांचा सापळा उरला होता. कडबा विकत घ्यायची ऐपत नव्हती. आबांनी त्याला ओढ्याच्या काठाला पुरला आणि दुसऱ्या दिवशी हजेरीला उभे राहिले. दिंडी निघाली तेव्हा वेशीपर्यंत जाऊन आले. वारीला गेले असते तर आठ दिवसांची मजुरी बुडाली असती, आणि घरात खाणारी सहा तोंडं.

एकादशीला आबा उपाशीपोटी खडी फोडत होते. त्यांच्या वाट्याची सुकडी त्यांनी माझ्या हातावर ठेवली. मला एकदम राग आला. कुणाचा, ते तेव्हा कळलं नाही. मी म्हणालो, "बैल गेला, वारी चुकली. एवढी वर्षं चालत गेलास, काय दिलं तुझ्या इठोबानं?"

आईनं हात उगारला. आबांनी तिला थांबवलं. हातोडा खाली ठेवला, डोक्याचं फडकं सोडून तोंड पुसलं आणि म्हणाले, "बाळा, त्येच्यासंगं माझं देनंघेनं न्हाई. येनंजानं हाय. ह्या खेपंला जमलं न्हाई, फुडल्या खेपंला जाईन."

एवढंच बोलले आणि परत खडी फोडायला लागले. मी सुकडी खाल्ली. भूक लागली होती.

पुढं नोकरीसाठी शहरात आलो. पाठ दुखते म्हणून योगाच्या वर्गाला जायला लागलो. आसनं झाली, प्राणायाम झाला. तिथले गुरुजी एकदा सांगत होते की भक्ती हासुद्धा एक योग आहे, गीतेचा बारावा अध्याय त्याच नावाचा आहे. मला नवल वाटलं. भक्ती म्हणजे टाळ कुटायचे, उपास धरायचे, एवढंच मी धरून चाललो होतो. घरी येऊन तो अध्याय काढला. अवघे वीस श्लोक.

त्यात देव अर्जुनाला एकेक पायरी खाली उतरून सांगतो. मन माझ्यात ठेव. ते जमत नसेल तर अभ्यास कर, म्हणजे मन पळालं की परत आण. तेही जमत नसेल तर माझ्यासाठी काम कर. आणि तेही होत नसेल तर कामाच्या फळावरचा हक्क सोड. मला आबांचा हातोडा दिसला. वारी या शब्दातच पुन्हा पुन्हा जाणं आहे. वर्षाला दोन खेपा, मन परत आणायचा तो अभ्यास. आणि खेप चुकली त्या साली त्यांनी शेवटची पायरी धरली होती. मी मात्र त्यांच्याकडं फळाचा हिशेब मागत होतो.

ज्ञानेश्वर नाथपंथातले. कुंडलिनीचा योग त्यांनी सहाव्या अध्यायावर लिहिताना सविस्तर उलगडला आहे. असा माणूसही विठ्ठलाच्या वाटेला लागला. आबांना कुंडलिनी हा शब्द ठाऊक नव्हता. पण बैल पुरून आल्यावरही ज्यांचं तोंड कडू झालं नाही, त्यांचं चित्त कुठं तरी बांधलेलं असणारच. योग म्हणजे तरी जोडणंच की.

आबा गेल्यावर मी पहिल्यांदा कार्तिकीला पंढरपूरला गेलो. दर्शनाची बारी लांबच लांब. आबा अशा वेळी कळसाला हात जोडून माघारी फिरायचे, तसाच मीही वाळवंटात उभा राहिलो. खोटं कशाला सांगू? हात जोडले आणि आधी मागणं आलं, थोरल्याच्या नोकरीचं. विठ्ठल मागनं आठवला.

मी अजून देण्याघेण्यातच आहे. पण कार्तिकी चुकवत नाही. येणंजाणं तेवढं सुरू केलंय.