‘ळ’ची जागा

आमच्या आईच्या उशाशी एक वही असे. वसईच्या आमच्या सामवेदी बोलीतील शब्द ती त्यात टिपून ठेवी: भांड्यांची नावे, वाडीतली कामे, नातीगोती. ती गेली तेव्हा वहीत सहाशेच्या वर शब्द होते, पण सुचतील तसे लिहिलेले. एखादा शब्द हवा असला की सारी वही चाळावी लागे. त्यांची अकारविल्हे मांडणी करावी हे आम्हां भावंडांच्या मनात पुष्कळ वर्षे होते. हात मात्र कुणाचा लागला नाही.

अखेर पुतणीने पायथनचे नाव काढले. संगणकाला आज्ञा देण्याच्या भाषा हा इंजिनियरांचा प्रांत, अशी आमची समजूत. निवृत्तीच्या वयात ही नवी बाराखडी गिरवायची? ती म्हणाली, “काका, चुकलं तर काही मोडत नाही.”

गुइडो व्हान रॉसम या डच गृहस्थाने १९८९ च्या नाताळच्या सुटीत विरंगुळा म्हणून ही भाषा रचावयास घेतली आणि १९९१ मध्ये ती लोकांपुढे ठेवली. नावाचा अजगराशी संबंध नाही. एका ब्रिटिश विनोदी दूरदर्शन-मालिकेवरून ते आले. २०१९ साली कृष्णविवराचे पहिले चित्र जुळविताना शास्त्रज्ञांनी हीच भाषा वापरली. आमचे काम त्या मानाने किरकोळ.

एक ओळ लिहावी, लगेच खाली उत्तर यावे, ही तिची पहिली मोहिनी. महिरपी कंसांचे जंजाळ नाही. कोणती ओळ कोणाच्या पोटातली, हे ती थोडी आत सरकवून दाखवायचे. पहिल्याच संध्याकाळी आम्ही अवतरणचिन्ह मिटविण्यास विसरलो. चूक कोणत्या ओळीत आहे ते पडद्यावर उमटले, बस्स. आमच्या बालपणीच्या गुरुजींपाशी एवढा संयम नव्हता.

मग सहज विचारले, ‘मराठी’ या शब्दात अक्षरे किती? उत्तर आले, पाच. आम्ही हसलो. काना आणि वेलांटी ती निराळी मोजते, हे मागाहून उमगले.

सारे शब्द भरून मांडणीची आज्ञा दिली. ती एका शब्दाची! यादी पापणी लवते न लवते तोच आली आणि आम्ही थबकलो. ‘गळ’ आधी, मग ‘गवत’, मग ‘गहू’. संगणकाच्या खात्यात प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो. तेथे ‘ळ’ला ‘ल’च्या शेजारी बसविले आहे आणि पायथन त्या क्रमांकांनुसार चालते. आई शिकली त्या वर्णमालेत ‘ळ’ ‘ह’च्या नंतर येतो. धाकटा भाऊ म्हणाला, “राहू दे, कोणाच्या लक्षात येणार?” आईच्या आले असते.

या भाषेचा खरा उपयोग आम्हांस तेथे कळला. काना-वेलांट्यांसह आपली वर्णमाला क्रमाने एका ओळीत लिहून दिली आणि ‘यापुढे हाच क्रम धर’ असे तिला सांगितले. सात ओळींचे काम, दोन संध्याकाळी गेल्या. गवत, गहू, गळ! ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ अजून ‘क’ व ‘ज’च्या घरी पाहुणे आहेत, त्यांचे नंतर पाहू.

छापील यादी थोरल्या बहिणीकडे नेली. तिने ती दोन दिवस ठेवून घेतली आणि समासात पेन्सिलीने अकरा शब्द लिहून परत दिली, आईच्या वहीत नसलेले. ते आता भरीत आहोत.