मनीचं पोट आणि आजीबाईचा बटवा

मंडळी, आजीबाईच्या बटव्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. ओवा, सुंठ, हिंग यांच्या जोरावर आमच्या घरातली पोटं सांभाळली गेली. पण हा बटवा माणसांचा आहे, मांजरांचा नव्हे. मनी आणि गुंड्या घरी आल्यावर मला हे नव्यानं शिकावं लागलं. सत्तरीतही शाळा सुटत नाही, दुसरं काय!

पहिला धडा दुधाचा. मांजर डोळे मिटून दूध पितं, असं आपण पिढ्यानपिढ्या ऐकत आलो. प्रत्यक्षात बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत नाही. आईचं दूध सुटलं की दुधातली साखर पचवण्याची त्यांची ताकद कमी होत जाते, आणि मग जुलाब होतात. वाटीत स्वच्छ पाणी ठेवावं, तेच बरं.

दुसरा धडा लंघनाचा. पोट बिघडलं की आपण उपास करतो. मांजराला तो सोसत नाही. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर अंगातली चरबी यकृतात साठू लागते आणि जिवावर बेततं. लठ्ठ मांजरांना धोका जास्त. जुलाब साधे असतील आणि मांजर खेळतं-खातं असेल, तर कोंबडीचं उकडलेलं मांस, हाडं काढून, मीठ-मसाल्याशिवाय, थोडं थोडं द्यावं. कांदा-लसूण मुळीच नको. त्यानं त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नष्ट होतात.

अंग चाटताना केस पोटात जातात आणि कधीमधी गोळा होऊन उलटीतून पडतात. त्यावर रोज विंचरणं हा सोपा उपाय. शौचाला खडा होत असेल तर पाणी वाढवावं, उकडून कुस्करलेला लाल भोपळा चमचाभर जेवणात मिसळावा. तेल मात्र तोंडात ओतू नये, ते फुप्फुसात जाऊ शकतं. आणि आपली तापाची पॅरासिटामॉलची गोळी? एकच गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

गेल्या पावसाळ्यात गुंड्या सारखा वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन कुंथत होता. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "खडा झालाय, एरंडेल पाजा." ह्यांनी वाळू चाळून पाहिली, तर ती सकाळपासून कोरडी! तडक दवाखाना गाठला. लघवीची वाट बंद झाली होती. डॉक्टर म्हणाले, बोक्यांमध्ये हे होतं, आणि एक-दोन दिवसांत सगळं संपू शकतं. चार दिवसांनी गुंड्या घरी आला.

वर्गात दंगा करणाऱ्या मुलाची मला कधी काळजी वाटली नाही. शेवटच्या बाकावर गप्प बसलेल्याच्या कपाळाला मी आधी हात लावायची. मांजरं सगळीच शेवटच्या बाकावरची. दुखणं लपवतात. म्हणून रोज किती खाल्लं, ट्रे ओला आहे का, एवढं बघायचं. दिवसभर अन्न नाही, वारंवार उलट्या, शौचात रक्त, किंवा आजारी पिल्लू असेल तर घरचे उपाय बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जायचं. तोंडातून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढायचा नाही, तसंच निघायचं.

असो. तुमच्या घरच्या माऊंना माझा आशीर्वाद. त्यांचा ट्रे आज एकदा नीट बघा.