ओढ

"म्याडम, हिच्या घशात हाड अडकलंय बघा."

काका टफीला छातीशी धरून दवाखान्याच्या दारातच उभे होते. मी म्हटलं, "काका, आधी तिला खाली ठेवा आणि गळ्यातली साखळी सोडा." साखळी सुटली, टफीनं दाराकडे दोन उड्या मारल्या आणि तो आवाज आला. कोरडा, पोकळ, एकापाठोपाठ सात-आठ वेळा. शेवटी उलटी येण्यासारखा उमाळा, पण बाहेर काहीच नाही.

पुस्तकांत या खोकल्याला गूज पक्ष्याच्या ओरडण्याची उपमा दिलेली असते. नवी मुंबईत खाडीकाठी थंडीत रोहित पक्षी येतात, पण गूज ओरडताना इथं कोणी ऐकलाय? माझ्याकडे येणारी माणसं सांगतात, जुन्या रिक्षाच्या रबरी भोंग्यासारखा आवाज येतो. बरेच जण म्हणतात, हाड अडकलंय. ही वर्णनं मला जास्त उपयोगी पडतात. खोकल्याच्या शेवटी उमाळा येतो हे 'हाड' या एका शब्दात आलेलं असतं.

टफी नऊ वर्षांची, पांढरीशुभ्र पामेरियन. आपल्याकडे ज्याला पामेरियन म्हणतात तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो, पण नातीनं हट्टानं आणलेल्या कुत्रीची जात काका कशाला तपासतील? काट्यावर ती ७ किलो ८०० ग्रॅम भरली. तिच्या हाडापेराला सहा किलो पुष्कळ झाले असते.

कुत्र्याच्या श्वासनलिकेत कूर्चेची साधारण पस्तीस ते पंचेचाळीस कडी असतात. कडं म्हणजे पुरतं वर्तुळ नव्हे. इंग्रजी 'सी' अक्षरासारखं, पाठीच्या बाजूनं उघडं, आणि ती फट स्नायूच्या पातळ पडद्यानं झाकलेली. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विच्छेदनाच्या टेबलावर म्हशीची श्वासनलिका पहिल्यांदा हातात आली, तेव्हा मी ती उगीचच दाबून पाहत बसले होते. दाबावी, सोडावी, की लगेच पूर्ववत. कूर्चेनं धरून ठेवलेल्या पाण्याची ती उसळी असते. पामेरियन, यॉर्कशायर टेरियर, चिवावा, टॉय पूडल अशा लहान चणीच्या काही कुत्र्यांत पाणी धरून ठेवणारे कॉन्ड्रॉइटिन सल्फेटसारखे घटक कमी होतात. कडी मऊ पडतात, पसरट होतात आणि वरचा पडदा ढिला होऊन नळीत लोंबतो. १९८२ साली टँगनर आणि हॉबसन यांनी याच्या चार पायऱ्या ठरवल्या. पहिल्या पायरीवर नळीची पाव पोकळी गेलेली असते, चौथीवर जवळजवळ सगळी.

घरच्यांना मी हे शहाळ्यावरून सांगते. जुलै २०२२ मध्ये प्लास्टिकच्या स्ट्रॉवर बंदी आली आणि वाशीच्या शहाळेवाल्यांकडे कागदी स्ट्रॉ दिसू लागल्या. अर्धं शहाळं पिऊन होईतो ती भिजून मऊ पडते. मग जोरात ओढलं की चपटी होते, पाणी थांबतं. आपण आणखी जोर लावतो, ती आणखी मिटते. सावकाश ओढलं तर तीच स्ट्रॉ तळाच्या घोटापर्यंत पुरते.

काकांना हे पटकन उमगलं. "म्हंजी जेवढी ओढ जास्त, तेवढी वाट बंद."

त्या दिवसापासून मी 'ओढ' हाच शब्द वापरते. नळीचा गळ्यातला भाग श्वास आत ओढताना मिटतो आणि छातीतला भाग श्वास सोडताना. मिटली की कुत्रं घाबरतं, घाबरलं की जोरानं ओढतं. खोकल्यानं आतलं अस्तर सुजतं आणि त्या सुजेनं पुन्हा खोकला येतो. माझं सगळं काम हे चक्र कुठंतरी सैल करण्याचं आहे.

हे मी एका मृत्यूतून शिकले. दवाखाना सुरू केला त्या पहिल्या वर्षात मे महिन्याच्या एका दुपारी एक यॉर्की आणली होती. जीभ जांभळट, मान ताणलेली. मला निदान पक्कं हवं होतं, म्हणून आधी एक्स-रे म्हटलं. तिघांनी मिळून तिला कुशीवर धरलं. ती सुटायला धडपडली, आम्ही आणखी घट्ट धरलं. फिल्म निघायच्या आधीच ती टेबलावर गेली. त्या घरातली मुलगी बाहेर बाकावर तिचा पट्टा हातात घेऊन बसली होती.

आता तसं कुत्रं आलं की मी त्याला धरत नाही. थंड खोली, मंद दिवा, नाकाजवळ लांबूनच सोडलेला प्राणवायू, आणि ब्युटॉर्फेनॉलसारखं शांत करणारं एक इंजेक्शन. मग पंधरा-वीस मिनिटं काहीही करायचं नाही. माझ्या मदतनीस मुलांना हे सगळ्यांत जड जातं. मालकाच्या डोळ्यांदेखत डॉक्टर नुसती स्टुलावर बसलेली बघवत नाही. पण तेवढ्या वेळात जिभेचा रंग परततो. एक्स-रे नंतर काढता येतो, आणि तसाही तो एका क्षणाचाच असतो. नळी नेमकी त्या क्षणी उघडी असली तर फिल्म निर्दोष दिसते. म्हणून मान आणि छाती दोन्हींचे, श्वास घेतानाचे आणि सोडतानाचे, असे वेगळे घ्यावे लागतात. छातीला स्टेथोस्कोप लावून हृदयही नीट ऐकावं लागतं. म्हाताऱ्या लहान कुत्र्यांत हृदयाची झडप गळत असते आणि दोन्ही आजार एकाच अंगात नांदत असतात.

टफीची अवस्था दुसऱ्या पायरीच्या आसपास असावी. झडप शाबूत होती. औषधं थोडीच दिली: खोकला दाबणारं एक आणि सुजेसाठी थोड्या दिवसांचं स्टेरॉइड. खोकला दाबायचा कशाला, असं काकूंनी विचारलं, कारण माणसाचा कफ बाहेर पडलेला बरा. इथं बहुधा बाहेर पडण्यासारखं काही नसतं. खोकलाच जखम करत असतो. मात्र घरातली खोकल्याची बाटली चमचाभर पाजू नका, हे मी तीनदा बजावते. काहींत नाक मोकळं करणारी औषधं असतात, काहींत झायलिटॉल नावाची साखर, आणि ती कुत्र्याच्या जिवावर बेतते.

नळीत बसवायची निटिनॉल या मिश्रधातूची जाळी मिळते. जिथं औषधं हरतात आणि कुत्रं गुदमरायला लागतं, तिथं ती जीव वाचवते. पण ती मोडू शकते, तिच्या टोकांशी मांस वाढतं, खोकला उरतोच. ब्रिटनमध्ये १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १०० कुत्र्यांपैकी ७१ जणांची लक्षणं शस्त्रक्रियेविना वर्षभराहून जास्त काळ आटोक्यात राहिली होती. हा आकडा मी प्रत्येक घराला सांगते. उरलेल्या २९ जणांबद्दलही सांगते.

टफीचा खरा उपचार मात्र घरात झाला. गळ्यातली साखळी गेली, छातीवरून बसणारा हार्नेस आला. फिरणं पहाटे, ऊन तापायच्या आत. कोपरखैरण्याला औद्योगिक पट्ट्यातला उग्र वास रात्री येतो, तेव्हा त्या बाजूची खिडकी बंद. देवघरातला धूप बंद झाला, काकूंनी निरांजनावर भागवलं. चहात बुडवलेली बिस्किटं मात्र सुटेनात.

काका तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारातले निवृत्त माथाडी. मूळ गाव साताऱ्याकडचं. शंभर किलोचं पोतं पाठीवर घेतलेला माणूस. मी त्यांना म्हटलं, "काका, मला दर महिन्याला दीड पावशेर कमी करून द्या." वजनाची भाषा त्यांचीच होती. त्यांनी एका वहीत रकाने आखले आणि दर रविवारी टफीला घेऊन दवाखान्याच्या काट्यावर येऊ लागले. बिस्किटाच्या जागी काकडीची फोड आली. एकदा वजन वाढलं, तेव्हा घरात चौकशी होऊन नातीनं पनीर दिल्याचं उघड झालं. पाचव्या महिन्यात काटा ६ किलोवर आला. छातीवरची आणि गळ्याभोवतीची चरबी उतरली तसा श्वास सैल झाला.

एक गोष्ट काकांना त्याहून अवघड गेली. रोज संध्याकाळी ते जिन्यातूनच "टफेऽऽ" अशी हाक मारत. ती दारावर उड्या घेई, गोल गोल फिरे, आणि दिवसातला सगळ्यांत मोठा खोकला तेव्हाच येई. मी सांगितलं, हाक मारायची नाही. घरात शिरून पाच मिनिटं तिच्याकडे बघायचंही नाही. ती शांत बसली की मग जवळ घ्यायचं.

ते बराच वेळ गप्प राहिले. "नऊ वर्सांत दुसरं कुणी दाराशी आलेलं नाही ओ माझ्यासाठी," एवढंच म्हणाले.

असं काही लिहून देताना माझा हात अडतो. गोळीचं नाव लिहिणं सोपं. ज्या आनंदापायी ती गुदमरते तो थोडा कमी करा, हे त्या आनंदाच्या धन्यालाच सांगायचं असतं. तरी सांगितलं. पुढच्या रविवारी काकूंनी मला सांगितलं, की ते आता चपला जिन्यातच काढतात आणि अनवाणी, चोरपावलांनी आत येतात. खुर्चीत बसून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात. मग हात खाली सोडतात, आणि ती येऊन त्यावर हनुवटी टेकते.

टफी बरी झालेली नाही. मऊ पडलेली कूर्चा पुन्हा ताठ होत नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. गणपतीत खाली फटाके वाजले तेव्हा दोन रात्री वाईट गेल्या. पावसाळी दमटपणात अजूनही खोकते. तसं झालं की काका तिला उचलत नाहीत. शेजारी जमिनीवर बसतात, पंखा वाढवतात आणि तळहात तिच्या बरगड्यांवर नुसता ठेवतात, दाबत नाहीत.

झोपेतले श्वास मोजायचं मी त्यांना शिकवलंय. पूर्ण एक मिनिट, छाती वर-खाली होणं म्हणजे एक. तिशीच्या वर गेले तर मला कळवायचं, एवढंच सांगितलं होतं. ते रोज कळवतात. रात्री साडेदहाच्या सुमारास फोन वाजतो आणि पडद्यावर नुसता आकडा येतो. काल २१ होता, आज २२.