मराठी लिहायला इंग्रजी स्पेलिंग कशाला?

"कॉम्प्युटर शिकायचा तर आधी इंग्रजी आलं पाहिजे." वस्तीत काम करताना हे वाक्य मी सतत ऐकते. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण वाक्य खोटं आहे. पुरावा कीबोर्डमध्येच आहे.

मित्रांनो, क्वर्टी रचना म्हणजे निसर्गनियम नव्हे. अमेरिकेत क्रिस्टोफर शोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवलेला टाइपरायटर रेमिंग्टन कंपनीने 1874 साली बाजारात आणला, तिथून ती रूढ झाली. ऑगस्ट ड्वोरॅक यांनी 1936 साली वेगळ्या रचनेचं पेटंट घेतलं. पण तोवर यंत्रं, टायपिस्ट, क्लास सगळे जुन्या रचनेत मुरले होते. टाइपरायटर गेला, रचना उरली. सवयीचा नियम कसा होतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

मराठीतही तेच झालं. टाइपरायटरची रेमिंग्टन रचना जुन्या फॉन्टमध्ये उतरली. तिथे ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करायची, कारण कागदावर ती आधी दिसते. शिवाय या फॉन्टमध्ये मराठी मजकूर आतून इंग्रजी अक्षरांच्या संकेतांत साठवला जातो. तो फॉन्ट नसेल तर फाइल उघडते, वाचता मात्र येत नाही.

याला पर्याय आहे इनस्क्रिप्ट. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने 1986 साली तो प्रमाण ठरवला. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. क आणि ख एकाच बटणावर, ग आणि घ एकाच बटणावर. ख, घ शिफ्टसह. वेलांटी उच्चाराच्या क्रमाने, अक्षरानंतर. विंडोज आणि लिनक्समध्ये तो फुकट मिळतो. रचना एकदा हातात बसली की हिंदी, कन्नड, तमिळसाठीही क त्याच बटणावर.

बचत गटातल्या बायकांना मी हाच शिकवते. बाराखडी त्यांना येते, स्पेलिंग येत नाही. रोमन लिपीतून मराठी उमटवणारा कीबोर्ड त्यांच्याकडे आधी इंग्रजी मागतो. इनस्क्रिप्ट बाराखडीवर भागवतो.

तो निर्दोष नाही. ळ, ण, श मराठीत पदोपदी लागतात, पण तिन्हींना शिफ्ट दाबावं लागतं. रचना सगळ्या भारतीय भाषांसाठी आखली, त्याची ही किंमत. रेमिंग्टनवर ज्यांचा वेग बसला आहे त्यांनी ती सोडू नये, फक्त युनिकोडमध्ये टाइप करावं. मोबाइलवर बोलून लिहिता येतं, तेही वापरा. पण माहिती अधिकाराचा अर्ज, सर्वेक्षणाचा अहवाल, सभेचं इतिवृत्त लिहायचं तर बोटंच लागतात.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. आपल्या प्रत्येक अभ्यासिकेतल्या कॉम्प्युटरवर आज इनस्क्रिप्ट सुरू करा, शेजारी भिंतीवर त्याचा तक्ता लावा. रोज अर्धा तास सराव करा. ज्याला मराठी वाचता येतं त्याला कॉम्प्युटरवर मराठी लिहिता आलंच पाहिजे. त्यासाठी इंग्रजीची परवानगी लागत नाही.